ठिपक्याशेजारची कॉलनी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, दाजींच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी वाजवतं की थांबलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तू खरंच चालतेस की गॅलरीत खुर्ची टाकून खालून चालणारी माणसं मोजतेस, हे सविस्तर कळव. मी ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा सोडून. आणि तो रक्तदाबही माझा नाही, तो तुझ्या लेकीचा आहे, फक्त राहायला माझ्याकडे आहे.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर दाजी मागून “कोण आहे? कोण आहे?” असं ओरडत राहतात, त्यांना मी कोण ते तीनदा सांगेपर्यंत माझा राग निवतो, आणि निवलेल्या रागाला चव नसते. म्हणून लिहितो आहे. हे पत्र शांत डोक्याने लिहायचं असं ठरवून मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. हा तिसरा कागद आहे. यालाही पान तीनवर एक भोक आहे, त्यातून पान चारवरचं काही दिसलं तर आधी वाचू नकोस.

ताई, तुझ्या लेकीने मला भर बैठकीत अकरा माणसांसमोर उलटतपासणीला उभं केलं. मला! एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत आहे. तीन प्रमुख आले आणि गेले, दोन वेळा छत बदललं, वाफेवर निर्जंतुक करायचं ते मोठं भांडं चार वेळा बिघडलं आणि चारही वेळा मी दुरुस्त केलं. तेव्हा तुझी लेक कुठे होती? शाळेत होती. तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधायचो, कारण तुला वाकता यायचं नाही आणि दाजींना गाठ यायची नाही. आता ती आमची प्रमुख आहे आणि तिच्या सहीशिवाय मला अर्ध्या दिवसाची रजा मिळत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण मी आजवर दुसऱ्यांच्या घरच्यांना लावत होतो.

(दाजींना सांग, त्यांनी मागितलेलं औषध इथे नाही. आमचं काम “टोकं लांब राहण्याचं” आहे एवढं कुठूनतरी ऐकून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत मी आयुष्य वाढवायची बाटली कपाटात लपवून ठेवली आहे असं पसरवलं आहे. परवा तुमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांचा मला फोन आला, जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर. आमची टोकं यीस्टची आहेत. दाजींच्या टोकांना माझा हात लागणार नाही.)

आता भांडण कशावरून ते नीट सांगतो, नाहीतर तू म्हणशील मामा-भाची पावावरून भांडले. यीस्ट म्हणजे ज्याने पाव फुगतो ते. एकेक पेशी डोळ्याला न दिसणारी, पण तिच्याही पोटात आपल्यासारखेच आनुवंशिक धागे असतात आणि त्या धाग्यांच्या टोकाला टेलोमियर म्हणतात. (इथे सगळे लोक बुटाच्या नाडीच्या टोकाची उपमा देतात. मी देणार नाही. नाडीचं टोक झिजलं तर कोणी येऊन ते वाढवत नाही.) एका पेशीच्या दोन झाल्या की टोक जरासं झिजतं. मग एक यंत्रणा येते आणि टोक पुन्हा वाढवते. ती यंत्रणा टोकापर्यंत आणून बसवायचं काम एका प्रोटीनचं. प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ, पण ती लोंबत राहत नाही, दुमडून दुमडून स्वतःचा एक ठरलेला आकार घेते. या प्रोटीनच्या आकारात एका जागी छत्रीच्या मुठीसारखा बाक आहे. तुझ्या लेकीचं गेली सात वर्षं म्हणणं असं, की सगळा खेळ त्या बाकाचा आहे. बाकात यंत्रणा अडकते म्हणून ती टोकावर टिकते. माळेतला नेमका एक मणी बदला, बाक उघडा पडेल, यंत्रणा टिकणार नाही, आणि टोकं पिढ्यामागून पिढ्या आखूड होत जातील. टोकं फार आखूड झाली की यीस्ट थकतं. एवढंच. सात वर्षं एवढंच! या एका बाकासाठी तिने बाहेरची चांगली जागा सोडली, तुझ्या सांगण्यावरून आलेली तीन स्थळं न बघता परत पाठवली आणि डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला.

हा बाक राहतो संगणकाच्या पडद्यावर. तो गरगर फिरवायला आमच्याकडे एक टकले गृहस्थ आहेत, त्यांना मी भिंगरी म्हणतो. (मनात. तोंडावर मी त्यांना काहीच म्हणत नाही, तेही मला काही म्हणत नाहीत, आमचं छान आहे.) पण भिंगरीने कितीही फिरवला तरी चित्रातला बाक खरंच काम करतो का, हे शेवटी यीस्टलाच विचारावं लागतं, आणि यीस्टशी बोलणारा माणूस मी. मणी बदललेलं यीस्ट प्लेटवर (म्हणजे खाद्याचा थर घातलेल्या पारदर्शक बशीवर) रेघा ओढून पसरायचं, तीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तीन दिवस ठेवायचं. एकेका पेशीपासून मोहरीएवढा पांढरा गोळा तयार होतो, त्याला कॉलनी म्हणतात. तेवढ्यात यीस्टच्या पंचवीसेक पिढ्या होऊन जातात. मग एक कॉलनी लाकडी काडीने उचलायची आणि नव्या प्लेटवर पसरायची. अशा बारा वंशांच्या बारा ओळी, प्रत्येकीच्या सात फेऱ्या. चौऱ्याऐंशी प्लेटा. माझी पाठ आता तुझ्या गुडघ्याची बहीण झाली आहे.

या उचलण्यातच माझं नाव आहे, ताई. माझ्या हाताखालून गेलेली प्लेट इमारतीत कोणीही ओळखतो. गोल, टपोऱ्या, काठ सरळ असलेल्या कॉलन्या. चपटी, दातेरी, मरगळलेली कॉलनी मी एकतीस वर्षांत काडीला लावलेली नाही. बियाणं ठेवताना किडकं कोण ठेवतं? आणि अशा माणसासाठी तुझ्या लेकीने काय करावं? माझ्या टेबलासमोर, माझ्या नाकासमोर, एक नियम छापून चिकटवला. प्लेटच्या तळाला आधी शाईचा ठिपका द्यायचा आणि मग त्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ जी असेल ती कॉलनी उचलायची. मोठी की लहान, सुरेख की कुरूप, बघायचं नाही. म्हणजे माझे डोळे काढून खिशात ठेवायचे आणि त्यांच्या जागी शाईचा ठिपका लावायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी प्लेटांना ठिपके दिले, निळे, गोल, एका मापाचे.

गेल्या मंगळवारी टोकं मोजली. आखूड झालेली नाहीत. साध्या यीस्टची जेवढी, तेवढीच. मणी बदला नाहीतर माळ तोडा, बाकाला काही पडलेलं नाही. बुधवारी बैठक झाली. तुझी लेक फळ्यापाशी उभी होती आणि तिचा चेहरा मला ओळखीचा नव्हता. तिने मला विचारलं, “मामा, दर वेळी ठिपक्याशेजारचीच उचललीत ना?” अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. भिंगरीसुद्धा, ज्यांनी आजवर माझ्याकडे बघितलेलं नाही. मी उठलो, कोल्ड रूममधून प्लेटांची चळत आणली आणि टेबलावर आपटली. म्हटलं, बघा. प्रत्येक प्लेटवर ठिपका आहे, प्रत्येक ठिपक्याशेजारी काडीची खूण आहे, मोजून घ्या. तिने एकच प्लेट उचलली, ठिपका बघितला, खूण बघितली आणि प्लेट खाली ठेवली. “बरं,” म्हणाली. एवढंच. मग सगळ्यांना म्हणाली की तर्क चुकला. बाकाचा लेख एका नियतकालिकाकडे गेला आहे, तो परत घेत असल्याचं पत्र सोमवारी दुपारी बारा वाजता ती पाठवणार. काम बंद. आणि जाता जाता मला म्हणाली की सोमवारच्या आत कोल्ड रूममधला तेवढा पसारा काढून टाका.

पसारा! ताई, निकाल पक्का होईपर्यंत मी एकही प्लेट टाकत नाही, हा माझा रिवाज आहे. आधीच्या तिन्ही प्रमुखांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं होतं. (दोघांनी. तिसऱ्यांना वासाचा त्रास होता.) आणि ती कोल्ड रूम तू बघितलेली नाहीस म्हणून सांगतो. आत चार अंश. दाराची आतली मूठ निखळलेली आहे, म्हणून दारात नेहमी एक लाकडी स्टूल अडकवून ठेवायचं. बाहेर खुंटीला सगळ्यांसाठी मिळून एक स्वेटर आहे, त्याच्या कोपराला भोक आहे आणि तो अकरा वर्षांत धुतलेला नाही, कारण धुवायची पाळी कोणाची यावर एकमत झालेलं नाही. तो घालून मी आज शुक्रवारी दिवसभर स्वतःच्याच प्लेटा पोत्यात भरत होतो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी! तिच्या एका तर्कापायी! आणि तर्क चुकला तो तिचा. पोती भरायची मी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणालाच झाडून घ्यायला सांगितलं आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं, की तू आई आहेस, तू तिला फोन करून चांगलं खडसाव. मोठ्यांशी कसं बोलावं हे तिला तू शिकवलं नाहीस, ते आता शिकव. तो नियमाचा कागद माझ्यासमोरून काढायला सांग. आणि मामाच्या हातावर शंका घेतली त्याबद्दल तिने माझ्याकडे येऊन दोन शब्द बोलावेत. येऊन. फोनवर नाही, आणि भिंगरीमार्फत तर नाहीच.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो तुझ्यावर. तुझ्या लेकीवरचा सध्या बंद आहे.

तुझा
(अजून तरी नोकरीत असलेला) भाऊ

ता. क. आज शनिवार. डिंक वाळला होता म्हणून पाकीट चिकटवायचं राहिलं, आणि राहिलं ते बरं झालं की वाईट, मला कळत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. काल पोती भरताना मी एक गोष्ट बघितली आणि ती वर लिहिली नाही. पहिल्या फेरीच्या प्लेटांवर सगळ्या कॉलन्या सारख्या आहेत. तिसऱ्या फेरीच्या प्लेटांवर शेदीडशे कॉलन्या धुळीच्या कणाएवढ्या, दातेरी, थकलेल्या, आणि त्यांच्यात दोन-तीन टपोऱ्या. निळा ठिपका बरोबर एका टपोरीशेजारी. दुसरी प्लेट बघितली, तसंच. बारा ओळी बघितल्या. बाराही ठिपके टपोऱ्यांशेजारी.

ठिपक्याला एवढी अक्कल कुठून आली असं तुला वाटेल. अक्कल माझी. मी आधी चांगली कॉलनी हेरायचो आणि मग तिच्याशेजारी ठिपका द्यायचो. ठिपका हवा म्हणाली होती, ठिपका दिला. नियमात “आधी” असं लिहिलेलं होतं, ते मी वाचलेलं होतं. मला वाटलं, शाई आधी लागली काय, नंतर लागली काय, यीस्टला कुठे कळतं. आता कळलं की यीस्टला सोडून सगळ्यांना कळायला हवं होतं. ती थकलेली धूळ म्हणजेच बहुतेक तिचं उत्तर होतं, ताई. बाक उघडला असणार, टोकं आखूड झाली असणार, म्हणून तर त्या पेशी दमल्या. शेकडो दमलेल्यांत एखादी कुठलीतरी वेगळीच युक्ती करून सावरते आणि फोफावते. मी दर फेरीत तेवढीच उचलली आणि बाकीच्या सगळ्या खऱ्या बोलणाऱ्या मागे सोडल्या. सात फेऱ्यांनी टोकं लांब निघाली नसती तरच नवल.

आणि तिने विचारलं तेव्हा मी जे सांगितलं ते शब्दाने खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं, खोटं पकडता येतं. दुसरा कोणी असता तर तिने त्याच्याकडून पुन्हा चार प्लेटा समोर उभं राहून उचलून घेतल्या असत्या. मी मामा, म्हणून “बरं” म्हणाली. अकरा माणसांसमोर चळत आपटून मी तिचं तोंड बंद केलं आणि वर तुला चार पानं लिहिली. चोराच्या उलट्या बोंबा याहून मोठ्या काय असतात? मला इतका संताप आला आहे की स्वेटर फाडावासा वाटतो, पण तो सार्वजनिक आहे.

तर आता तू असं कर. तिला खडसावू नकोस. उद्या रविवारी फोन कर आणि गुडघा फार दुखतोय म्हणून दोन दिवस बोलावून घे, म्हणजे ते पत्र सोमवारी जाणार नाही. तेवढ्यात मी काहीतरी बघतो. माझं नाव काढू नकोस. प्लेटा मी पोत्यांतून काढून फळीवर पुन्हा लावल्या आहेत.

पुन्हा ता. क. आज सोमवार. गुडघा राहू दे. काल पत्र टाकायला गेलो, पण रविवारी टपाल जात नाही, आणि शनिवारी टाकलं असतं तरी ते तुला रविवारी मिळालं नसतं, हे मला टपालपेटीपाशी उभं राहिल्यावर आठवलं, आणि तिथे उभं राहून असंही वाटलं की एकोणसाठ वर्षांचा माणूस बहिणीच्या गुडघ्याआड किती वेळ लपणार.

सकाळी दहाला तिच्या खोलीत गेलो. पडद्यावर ते पत्र उघडं होतं, तीन ओळींचं. सात वर्षांचं पत्र तीन ओळींचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी तिसऱ्या फेरीची एक प्लेट तिच्या कीबोर्डवर ठेवली आणि ठिपका कधी दिला ते सांगितलं. एका दमात, कारण थांबलो असतो तर भिंतीच्या रंगाबद्दल बोलायला लागलो असतो. तिने प्लेट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग विचारलं, “सगळ्या?” म्हटलं, सगळ्या. तिने येऊन ते पत्र बंद केलं, न पाठवता. मग प्रयोगाची वही माझ्यासमोर सरकवली आणि घडलं ते माझ्या अक्षरात, माझ्या नावानिशी लिहायला लावलं. मी लिहिलं, कॉलन्या मोठ्या बघून उचलल्या, ठिपका नंतर दिला, चौऱ्याऐंशी प्लेटा. सही केली. अक्षर चांगलं आलं आहे, तेवढंच.

आता पहिल्या फेरीपासून पुन्हा सुरुवात. ठिपके भिंगरी देणार, मी खोलीबाहेर असताना. मी उचलत असताना ते माझ्या खांद्याशी उभे राहून बघणार. (आज उभे राहिले. नाकातून शिट्टी वाजते त्यांच्या.) बाक खरा की खोटा, ते अजून कोणालाच माहीत नाही, त्याला महिना जाईल. खोटाही निघेल. पण निघाला तर तो यीस्टने खोटा ठरवलेला असेल, माझ्या आवडीने नाही.

ती ओरडली नाही, ताई. मी ओरडण्याच्या तयारीने गेलो होतो. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि दोघं मोकळे झालो असतो. “ठीक आहे, मामा,” म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शेवटचं. वरची पानं फाडणार होतो, पण मग तुला पुढचं कळणार नाही, म्हणून तशीच पाठवतो. खरं काम एवढंच आहे. लहानपणापासून ती कोणावरही चिडली की माझ्याकडे येते. शाळेतल्या बाईंवर चिडली तेव्हा आली, दाजींनी तिची सायकल विकली तेव्हा आली, त्या परत पाठवलेल्या स्थळांच्या वेळी तुझ्यावर चिडून तर रोज यायची (हे तुला सांगितलेलं नाही, आता सांगितलं). या वेळी ती माझ्यावर चिडली आहे, तेव्हा तिला जायला जागा नाही. ती तुला फोन करेल. आज नाही तर उद्या. तेव्हा “जाऊ दे, वय झालं त्याचं” असं म्हणू नकोस. “मामा आहे तुझा” हे तर तोंडातूनही काढू नकोस, सगळा घोटाळा त्यानेच झाला. दाजींना बाहेर पाठव आणि तिला बोलू दे. ती मला गाढव म्हणाली तर तू तिच्या दोन पावलं पुढे जा. तू मला पाळण्यापासून बघते आहेस, तुला शब्द कमी पडायचे नाहीत.